प्लेअरमधली गाणी करप्ट झाली? फॉरमॅट करायच्या आधी हे करून पहा

बाबा रोज सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरायला जातात आणि खिशात त्यांचा बटणांचा साधा एमपीथ्री प्लेअर असतो, आत मायक्रो एसडी कार्ड. मे महिन्यात एक दिवस घरी आल्या आल्या म्हणे, "अबे, गाणं मधेच अटकून राहिलं, आणि एका गाण्यात भलतंच गाणं वाजून राहिलं." कार्ड लॅपटॉपला लावलं तर विंडोज लगेच विचारते, या ड्राइव्हमध्ये प्रॉब्लेम आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का. माझा हात फॉरमॅटकडेच चालला होता, कारण गाणी काय, परत भरता येतात. तेवढ्यात आईनं आठवण दिली की त्याच कार्डावर मोठ्या आईनं म्हटलेली भुलाबाईची गाणी आहेत, प्लेअरच्याच माइकवर रेकॉर्ड केलेली. मोठी आई आता नाही.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो. कार्ड बिघडल्यासारखं वाटलं की त्यावर काहीही नवीन लिहू नका. नवीन गाणी टाकू नका, फॉरमॅट करू का विचारलं तर कॅन्सल, स्कॅन करू का विचारलं तरी आत्ता कॅन्सल. डिलीट झालेली किंवा हरवलेली फाइल बहुतेक वेळा कार्डावर तशीच पडलेली असते, फक्त तिचा पत्ता हरवलेला असतो, आणि ती खरी जाते ती तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं की.

मग बिघाड कुठं आहे ते बघा, कारण दर वेळी फाइलच खराब असते असं नाही. प्लेअर पूर्ण चार्ज करा, रिसेटचं बारीक भोक असेल तर पिन टोचून रिसेट करा. नंतर कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये लावून कॉम्प्युटरवर तीच गाणी वाजवून पहा (रीडर बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, कुठल्याही मोबाईलच्या दुकानात स्वस्तात मिळतो, आणि प्लेअरच्या जुन्या केबलपेक्षा जास्त भरवशाचा असतो). कॉम्प्युटरवर नीट वाजलं म्हणजे फाइल चांगली आहे, गडबड प्लेअरची. आणि गाण्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसत असतील तर घाबरू नका, ते करप्शन नाही, त्या प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो म्हणून तसं दिसतं. कॉम्प्युटरवर पण फाइलींची नावं चित्रविचित्र चिन्हांची झाली असतील, चार मिनिटांच्या गाण्याची साइज जीबीत दाखवत असेल, किंवा एका गाण्यात दुसरं वाजत असेल, तर कार्डाचा हिशोब बिघडलाय.

हा हिशोब म्हणजे काय ते थोडं समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारण फॅट३२ नावाच्या मांडणीत (फॉरमॅटमध्ये) असतात. त्यात कार्डाचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात आणि कुठल्या तुकड्यानंतर कुठला तुकडा याची साखळी एका तक्त्यात लिहिलेली असते. तुकडा ३२ केबीचा धरला तर १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीचे साधारण २ सेकंद त्यात बसतात. कॉपी चालू असताना केबल ओढली किंवा लिहिता लिहिता बॅटरी संपली की तक्ता अर्धवट राहतो, मग एका गाण्याची साखळी दुसऱ्याच्या तुकड्यात घुसते, आणि बाबांना ऐकू आलं ते असं भलतंच गाणं वाजतं.

आता काम. कार्डावरून जे जे वाचता येतं ते सगळं लॅपटॉपवर एका नवीन फोल्डरमध्ये कॉपी करा, रेकॉर्डिंगचं फोल्डर पहिलं, गाणी नंतर. एखाद्या फाइलवर अटकलं तर स्किप करून पुढं जा. ज्या कार्डावर परत न मिळणारं काही आहे त्याची पूर्ण इमेज पण काढून ठेवा, म्हणजे कार्ड जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये. विन३२ डिस्क इमेजर नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात इमेज फाइलचं नाव देऊन, कार्ड निवडून रीड दाबायचं. चुकून राइट दाबलं तर उलटं होईल, कार्डावरच लिहिलं जाईल, त्यामुळे दाबायच्या आधी दोनदा वाचा. ३२ जीबीच्या कार्डाला लॅपटॉपवर जवळपास तेवढीच जागा लागते आणि वेळही बराच जातो, जाऊ द्या.

इमेज हातात आली की मगच चेक डिस्क, म्हणजे विंडोजची कार्ड तपासून दुरुस्त करायची सोय. दिस पीसीमध्ये कार्डाच्या ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. विंडोज साखळ्या जुळवते, आणि ज्या तुकड्यांना मालक सापडत नाही ते कार्डावरच फाउंड डॉट ट्रिपल झिरो अशा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये डॉट सीएचके फाइली करून ठेवते. ते फोल्डर दिसायला हिडन आणि सिस्टीम फाइली दाखवायची सेटिंग चालू करावी लागते. कचरा समजून हे फोल्डर उडवू नका. या फाइली लॅपटॉपवर कॉपी करा, नावाच्या शेवटी सीएचके काढून एमपीथ्री लिहा आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजवून पहा.

मोठ्या आईचं एक रेकॉर्डिंग मला तिथंच सापडलं. रेकॉर्ड करता करता प्लेअरची बॅटरी गेली होती, म्हणून फाइल शून्य केबीची दिसत होती, घरच्यांनी ते गेलं असंच धरलं होतं. फाउंडच्या फोल्डरमध्ये ३८ एमबीची एक सीएचके निघाली. बरेच प्लेअर वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करतात, तिच्या सुरुवातीला साधारण ४४ बाइट्सचं हेडर असतं आणि फाइलची लांबी त्यात रेकॉर्डिंग बंद केल्यावर भरली जाते, ती भरायची राहिली की आत आवाज असूनही लांबी शून्य. अशा वेळी ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या फुकट प्रोग्राममध्ये फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा असं जा, १६ बिट, मोनो निवडा आणि सुरुवातीचा ऑफसेट (किती बाइट्स सोडायचे ते) ४४ द्या. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते) माहीत नसेल तर त्याच प्लेअरवरचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग उघडून त्याचा रेट बघा. आवाज चिरका आणि घाईघाईचा आला तर रेट जास्त पडला, जाड आणि संथ आला तर कमी. नुसती खरखर आली तर त्या प्लेअरनं कॉम्प्रेस केलेल्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड केलंय, तिथं ही युक्ती चालत नाही. आमच्या फाइलला १६००० हर्ट्झ लागू पडला आणि २० मिनिटं सलग मोठ्या आईचा आवाज आला, मागं बायांच्या टाळ्या. बाबा कूलर बंद करून ऐकत बसले.

चेक डिस्कनं काही निघालं नाही, किंवा विंडोज कार्ड उघडतच नसेल, तर फोटोरेक नावाचा प्रोग्राम वापरा. नाव फोटोचं असलं तरी एमपीथ्री आणि वेव्ह पण शोधते, आणि फुकट आहे. बिघडलेला तक्ता न बघता ती फाइलींच्या खुणा ओळखून बाहेर काढते, त्यामुळे नावं जातात आणि आकडे येतात. काढलेल्या इमेजवरच चालवा, आणि सापडलेल्या फाइली लॅपटॉपवर सेव्ह करा, त्याच कार्डावर कधीच नाही. मग एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रामनं टॅगवरून (फाइलीच्या आत लिहिलेलं गाण्याचं, गायकाचं नाव) नावं परत देता येतात, ज्या गाण्यांत टॅग आहेत त्यांचीच अर्थात.

सापडलेलं गाणं मधेच खरखरत असेल तरी टाकून देऊ नका. एमपीथ्री म्हणजे छोट्या छोट्या फ्रेम्सची माळ, ४४.१ किलोहर्ट्झला एक फ्रेम साधारण २६ मिलिसेकंदांची, म्हणून चार मणी फुटले तरी बाकीची माळ वाजते. एमपीथ्रीव्हॅल नावाचा प्रोग्राम फाइल तपासून बरीचशी दुरुस्त करतो. गाणं ४ मिनिटांचं आणि प्लेअर ४० मिनिटं दाखवत असेल तर फूबार२००० या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये व्हीबीआर हेडर (गाण्याची लांबी ज्यावरून काढली जाते ती नोंद) दुरुस्त करायची सोय आहे. आणि एकाच गाण्यावर प्लेअर हँग होत असेल तर त्यातलं कव्हरचं चित्र काढून बघा, मोठं चित्र साध्या प्लेअरला झेपत नाही.

सगळं वाचवून झालं, दुसऱ्या ठिकाणी वाजवून पण पाहिलं, मग कार्ड फॉरमॅट करा. ३२ जीबीपर्यंत फॅट३२. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट या वेगळ्या मांडणीत येतात, जुने प्लेअर ती वाचत नाहीत, म्हणून अशा प्लेअरला ३२ चंच घ्या. फॉरमॅटनंतर एचटूटेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासायचा प्रोग्राम चालवा, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघते. बर्डीच्या फुटपाथवर असो की ऑनलाइन, कमी जागेचं कार्ड जास्त जागेचं म्हणून विकणारे आहेत, आणि अशा कार्डावर खऱ्या जागेच्या पलीकडची गाणी परत परत खराब होतात, मग कितीही दुरुस्त्या करा. ३२ जीबीचं कार्ड २९ च्या आसपास दिसणं मात्र नॉर्मल आहे, ती मोजायच्या पद्धतीतली तफावत. टेस्टमध्ये एरर आली तर ते कार्ड फेका.

कॉपी झाल्यावर इजेक्ट करूनच काढा, बॅटरी शेवटच्या काडीवर असताना रेकॉर्डिंग सुरू करू नका, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात प्लेअर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, बाहेरच पारा ४५ अंशांपर्यंत जातो तिथं बंद गाडीत बॅटरी फुगते. आमची भुलाबाईची गाणी आता लॅपटॉपवर, एका पेनड्राइव्हवर आणि वर्ध्याच्या आत्याच्या फोनमध्ये आहेत, आणि बाबांच्या नवीन कार्डावर त्यांचं वेगळं फोल्डर आहे.