केस वाढवताना शेंड्यांना फाटे फुटतात? या चुका टाळा

केस खांद्याच्या थोडे खाली येतात आणि तिथेच अडून बसतात, ही लांब केसांची हौस असणाऱ्या अनेक जणींची तक्रार असते. वाढच खुंटली असे समजून मग कोणी नवे तेल आणते, तर कोणी बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करते. शरीरात बायोटिनची कमतरता नसेल, तर त्या गोळ्यांचा केसांना फारसा उपयोग होत नाही. मुळात बहुतेक वेळा वाढ थांबलेलीच नसते. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर वाढतो. परंतु तेवढाच केस खालून तुटत राहिला, तर वेणीची लांबी होती तेवढीच राहते. म्हणून केस वाढवायचे असतील, तर लक्ष मुळांपेक्षा शेंड्यांकडे अधिक द्यावे लागते.

या हिशेबाने कंबरेपर्यंत आलेल्या वेणीचा शेंडा पाच-सहा वर्षांचा असतो. तेवढ्या काळात त्याने शेकडो न्हाणी, रोजचा कंगवा आणि अनेक उन्हाळ्यांचे ऊन सोसलेले असते. केस जिवंत असतो तो फक्त त्वचेखाली, मुळाशी. बाहेर दिसणारा केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू असून त्याची झीज आतून भरून येत नाही. त्याच्यावर पातळ खवल्यांचे आवरण असते आणि हे खवले जुन्या घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले असतात. घासून-घासून ते उडाले की आतला भाग उघडा पडतो, शेंडा कोरडा व खरखरीत लागतो आणि शेवटी आतले तंतू सुटून केसाला फाटा फुटतो. एकदा फुटलेला फाटा कोणत्याही सीरमने कायमचा जुळत नाही. सीरममधील सिलिकॉन त्यावर गुळगुळीत थर देते, त्यामुळे गुंता कमी होतो आणि हा फायदा खराच आहे, पण पुढच्या न्हाण्यानंतर फाटा पुन्हा दिसतो.

आधी केस नीट पाहा

उपाय सुरू करण्यापूर्वी नुकसान नेमके कोठे आहे ते पाहावे. शेंड्याकडची एक बट बोटाभोवती सैल गुंडाळून खिडकीच्या उजेडात, गडद कापडावर धरावी. टोक दोन भागांत चिरलेले दिसेल, काही केसांवर टोकापासून थोडे वर मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसेल. त्या ठिपक्यापाशी केस आतून मोडलेला असतो आणि हलक्या ओढीनेही तो तिथेच तुटतो. कंगव्यात आलेले केसही पाहावेत. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असलेला पूर्ण लांबीचा केस मुळातून गळलेला असतो; दिवसाला ५० ते १०० केस असे गळणे स्वाभाविक मानले जाते. आखूड आणि दोन्ही टोकांना गाठ नसलेले तुकडे मात्र तुटलेल्या केसांचे असतात आणि पुढील चुकांचा संबंध मुख्यतः त्यांच्याशीच आहे.

न्हाताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळे केस डोक्यावर गोळा करून शॅम्पूचा फेस त्यात चोळणे. तेल आणि घाम असतो तो डोक्याच्या त्वचेवर. शेंडे मुळातच कोरडे असतात. शॅम्पू बोटांच्या पेरांनी फक्त त्वचेवर लावावा, केस मोकळे खाली सोडावेत आणि पाण्याबरोबर वाहून येणाऱ्या फेसानेच शेंडे स्वच्छ होऊ द्यावेत. कंडिशनर याच्या उलट, कानाच्या खाली आणि शेंड्यांना अधिक लावावा.

शिकेकाई वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. गिरणीतून दळून आणलेली जाडसर पूड थेट केसांत चोळली, तर तिचे कण शेंड्यांवर घासतात आणि खंगाळूनही पूर्ण निघत नाहीत. शिकेकाई रात्री भिजवून, सकाळी उकळून, फडक्यातून गाळून घेतलेले पाणी वापरणे केव्हाही चांगले. रिठ्याचे प्रमाण वाढवले की फेस वाढतो, पण कोरडेपणाही वाढतो. शेंडे आधीच रुक्ष असतील, तर रिठा वगळलेलाच बरा.

पाण्याचा विचारही करायला हवा. कोल्हापुरात ज्या इमारतींना बोअरचे पाणी आहे, तिथे बादलीवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत असे समजावे. हे क्षार केसांवर साचून केस राठ करतात. सगळे न्हाणे गोड्या पाण्याने जमले नाही, तरी शेवटचे एक-दोन तांबे महापालिकेच्या नळाच्या पाण्याचे, किंवा पावसाळ्यात पहिल्या काही सरींनंतर स्वच्छ भांड्यात धरलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. न्हाण्यासाठी कढत पाणी टाळावे, कोमट पुरते.

तेलाबाबत आपल्याकडची जुनी सवय योग्य आहे, मात्र वेळ चुकते. न्हाऊन वाळलेल्या केसांना तेल चोपडून ते चार दिवस तसेच ठेवले, की त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि ती काढण्यासाठी पुन्हा जास्त शॅम्पू लागतो. खोबरेल तेलाचा खरा उपयोग न्हाण्यापूर्वी होतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली गेली, तेव्हा केसांतील प्रथिनांची झीज खोबरेल तेलानेच लक्षणीयरीत्या कमी झाली. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते आणि केस पाण्याने कमी फुगतो. न्हाण्याच्या आदल्या रात्री, किंवा निदान दोन तास आधी, चमचाभर तेल तळहातावर पसरून ते प्रथम शेंड्यांना लावावे आणि हाताला उरलेले वर न्यावे.

ओल्या केसांशी झटापट नको

न्हाऊन आल्यावर मान एका बाजूला वळवून पंच्याने केस फटाफट झटकण्याची पद्धत अनेक घरांत अजून आहे. पाणी लवकर उडते हे खरे, पण ओला केस कोरड्या केसापेक्षा कमकुवत असतो, तो ताणला जातो आणि प्रत्येक फटक्याचा जोर नेमका शेंड्यांवर बसतो. केसांत साधी फणी घालून वरून खाली ओढण्याचे नुकसानही असेच. जुन्या सुती साडीच्या किंवा टी-शर्टच्या मऊ कापडात केस दाबून पाणी टिपावे. नंतर जाड दातांच्या कंगव्याने शेंड्यापासून सुरुवात करावी. खालचे चार बोटे केस मोकळे झाले की थोडे वर जावे, मग आणखी वर. गुंता लागला तर त्याच्या वरचा केस मुठीत धरून गुंता बोटांनी सोडवावा. याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत लांब केस दिवसभर वाळत नाहीत, म्हणून कामाच्या घाईत ओल्या केसांचाच अंबाडा घातला जातो. आत अडकलेला ओलावा आणि वर रबराचा ताण, असे दोन्ही त्या केसांना तासन्‌तास सोसावे लागते. या दिवसांत सकाळऐवजी संध्याकाळी लवकर न्हावे आणि केस पंख्याखाली मोकळे वाळवावेत. हेअर ड्रायर लागलाच, तर कमी उष्णतेवर आणि हातभर अंतरावरून वापरावा. केस सरळ करण्याची इस्त्री ओल्या केसांवर मुळीच फिरवू नये, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तिथे तो कडकन मोडतो.

घराबाहेर

दुचाकीवरून जाताना मोकळे सोडलेले किंवा पोनीटेलमध्ये बांधलेले केस वाऱ्याने एकमेकांवर आपटतात. घरी पोचेपर्यंत झालेला गुंता मग ओढून काढला जातो. सैल वेणी घालून तिचा शेंडा सुती स्कार्फच्या आत घ्यावा, वर हेल्मेट घालावे. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला जातानाही वेणीच बरी. पैशांच्या गड्डीला लावतात ते साधे रबर केसांत अजिबात नको. कापडी रबर वापरावे आणि बांधण्याची जागा रोज थोडी बदलावी. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना गजरा माळला, तर आकडे ओढून न काढता उघडून काढावेत.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालात न्हाऊन निघणे ही भाग्याची गोष्ट आहे आणि केसांसाठी ती टाळावी असे कोणी म्हणणार नाही. डोंगरावर जाण्यापूर्वी केसांना तेल लावून घट्ट नसलेली वेणी घालावी. परतल्यावर लगेच डोक्यावर पाणी ओतू नये. केस पुढे घेऊन कोरडेच हलके झाडावेत, जाड कंगव्याने मोकळे करावेत आणि मगच भरपूर पाण्याने धुवावेत, म्हणजे गुलालाचे बारीक कण शेंड्यांवर चोळले जात नाहीत.

घरगुती उपाय आणि पार्लर

लिंबू चोळून उन्हात बसणे आणि खाण्याचा सोडा लावणे हे दोन्ही उपाय रुक्ष केसांना घातक आहेत. सोड्याच्या अल्कधर्मी गुणाने खवले उघडतात. अंड्यातील प्रथिनांचे रेणू मोठे असल्याने ते केसात शिरत नाहीत, वरून तात्पुरता थर मिळतो इतकेच. शुद्ध मेंदी केसाला चिकटून त्याला जाडी देते, पण शेंडे कोरडेही करते, म्हणून रंगासाठी ती फक्त मुळांकडच्या नव्या केसांना लावावी. ब्लीच आणि स्मूदनिंग (केस रसायनांनी सरळ, मऊ करणे) एकाच केसावर वारंवार करून घेतले, तर त्या शेंड्यांना वाचवणे कठीण होते.

कात्रीची भीती

केस वाढवायचे म्हणून दोन-दोन वर्षे कात्री न लावणे हीही चूकच. कापल्याने वाढीचा वेग बदलत नाही, कारण मुळाला खालच्या कात्रीची खबर नसते. पण फाटा तसाच ठेवला तर तो वर चिरत जातो आणि पुढे अधिक लांबी गमवावी लागते. तीन-चार महिन्यांनी अर्धा ते एक सेंटिमीटर कापले, तरी त्या काळात आलेल्या तीन-चार सेंटिमीटरपैकी बहुतेक वाढ हाती राहते. मध्यंतरी फक्त फुटलेले केस कापायचे असतील, तर बट पिळून बाहेर आलेली टोके फाट्याच्या थोडे वर कापावीत. कात्री केस कापण्याची आणि धारदार असावी. स्वयंपाकघरातील किंवा कागदाची बोथट कात्री केस चेंगरते आणि तिथून नवा फाटा सुरू होतो.

एवढी काळजी घेऊनही दोन-तीन महिन्यांत तुटणे कमी झाले नाही, केस शेंड्याऐवजी मुळाजवळ तुटत असतील, किंवा सोबत थकवा, वजनातील बदल वा पाळीच्या तक्रारी असतील, तर थायरॉइड आणि लोहाची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातील किंवा आपल्या जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना तुटलेले काही केस कागदात घडी करून सोबत न्यावेत आणि गेल्या वर्षभरात केसांवर काय काय केले हेही डॉक्टरांना सांगावे.