सायकलच्या चेनला कोणतं तेल लावावं?

गॅरेजमधलं जळालेलं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून चेनला लावू नका. त्यात धातूचा बारीक कीस असतो. वरून पांदणीचा फुफाटा चिकटला की चेन आणि दाते दोन्ही झिजतात. ग्रीस तर नकोच, ते चेनच्या कड्यांमधल्या छोट्या फिरत्या नळ्यांच्या (रोलरच्या) आत नीट शिरत नाही.

उन्हाळ्यात मेणाचं ‘ड्राय ल्यूब’ (लावल्यावर सुकणारं वंगण) बरं, धूळ कमी धरतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात मात्र घट्ट ‘वेट ल्यूब’च (न सुकणारं, तेलकट वंगण) टिकतं. तालुक्याला दोन्ही मिळालं नाही तर शिलाई मशीनचं तेल चालेल, फक्त वारंवार लावावं लागेल.

आधी चेन पुसा. मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब टाका, पायडल उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने निपटून काढा (बरेच जण नेमकं हेच टाळतात). ड्राय ल्यूब असेल तर रात्रभर सुकू द्या.