सी भाषेत मराठी गावनावं: अक्षरं नको, बाइट मोजा

आंब्याच्या पेट्यांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहायचा, स्ट्रक्चरमध्ये गावासाठी २० जागांचा कॅरॅक्टर ॲरे आणि त्याला लागून पेट्यांचा आकडा. ‘देवगड’ बसतं, ‘गुहागर’ बसतं. ‘रत्नागिरी’ भरलं की आकडा भलताच दिसतो, नाहीतर प्रोग्राम तिथेच मान टाकतो.

गोम अशी की सी भाषेला अक्षर कळत नाही, बाइट कळतो. स्ट्रिंग म्हणजे ओळीनं ठेवलेले बाइट आणि शेवटी एक शून्य बाइट. यूटीएफ-८ मध्ये (चिन्हं बाइटांत साठवण्याची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हंच. रत्नागिरी सोडवून पाहा: र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. ९ चिन्हांचे २७ बाइट, वर शेवटचं शून्य, एकूण २८. लांबी मोजणारं स्ट्रलेन मात्र २७ सांगतं, शून्य धरत नाही. म्हणून मेमरी मागणाऱ्या मॅलॉकला नेहमी स्ट्रलेन अधिक १ द्या. गावनावाला ६४ बाइट ठेवा, २१ चिन्हं मावतात. सिंधुदुर्गाला १० लागतात.

स्ट्रिंगची नक्कल करणारं स्ट्रकॉपी जागा किती आहे ते बघत नाही, तेव्हा ते काढूनच टाका. स्ट्रएनकॉपी सुरक्षित वाटतं, पण २० सांगितले आणि नाव तेवढं किंवा मोठं असलं तर २० बाइट भरून मोकळं होतं, शून्य टाकत नाही. मग छापणारं प्रिंटएफ पुढची मेमरी वाचत सुटतं. ॲरेचा आकार सांगून त्यात मजकूर लिहिणारं एसएनप्रिंटएफ वापरा: शून्य नक्की पडतं, आणि परत आलेला आकडा ॲरेच्या आकाराएवढा किंवा मोठा असेल तर नाव कापलं गेलं हे कळतं.

कापणंही जपून. २० च्या ॲरेत रत्नागिरीचे १९ बाइट उरतात: १८ मध्ये ‘रत्नाग’, आणि वेलांटीचा एक तुटका बाइट, जो पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह होऊन येतो. उपाय सोपा. मूळ स्ट्रिंगमध्ये १९ क्रमांकाच्या बाइटवर उभे राहा (मोजणी शून्यापासून). त्याची वरची दोन बिटं १ आणि ० असतील तर तो चिन्हाच्या मधला बाइट. एकेक मागे सरका. तसा नसलेला बाइट लागला की नक्कल केलेल्या स्ट्रिंगमध्ये त्याच क्रमांकावर शून्य ठेवा. इथे तो क्रमांक १८.

नाव वाचायला स्कॅनएफचं टक्का-एस नको. ते ‘मुरुड जंजिरा’तला मुरुड घेऊन थांबतं आणि जंजिरा पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतो. अख्खी ओळ वाचणारं गेट्स तर सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणातूनच वगळलं आहे. त्याऐवजी जागेची मर्यादा पाळणारं एफगेट्स घ्या. ते ओळीच्या शेवटचं न्यूलाइन आत ठेवतं, म्हणून स्ट्रसीएसपीएननं त्याची जागा शोधून तिथे शून्य टाका. विंडोजवरून आलेल्या फाइलीत कॅरेज रिटर्नही असतो, शोधात तोही द्या.

तुलना == नं केली तर पत्ते तपासले जातात, मजकूर नाही. स्ट्रकॉम्प वापरा; शून्य आलं म्हणजे सारखं. तरी एक फसगत राहतेच. ‘पऱ्या’ (ओहोळ) कुणी ऱ वापरून टाइप करतं (१५ बाइट), कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (अक्षरं जोडून दाखवायचं चिन्ह) घालून (१८ बाइट). दिसायला एकच, स्ट्रकॉम्पला वेगळं. वाडीच्या नावात हा शब्द येत असेल तर साठवण्याआधीच एक रूप करून घ्या.

प्रिंटएफमधली रुंदीही बाइटांचीच. उणे २० दिले (म्हणजे डावीकडे लावून २०) तर देवगडनंतर ५ मोकळ्या जागा पडतात, रत्नागिरीनंतर एकही नाही, आणि रकाने वाकडे. त्यापेक्षा कॉमा घालून फाइल लिहा आणि रकाने स्प्रेडशीटला लावू द्या. ती परत वाचताना ओळीचे तुकडे पाडणारं स्ट्रटोक नको. ओळ गाव, दर, पेट्या अशी असेल आणि दर रिकामा असेल, तर लागून आलेले दोन कॉमा ते एकच धरतं आणि पेट्या दराच्या रकान्यात जाऊन बसतात. स्ट्रसीएचआरनं एकेक कॉमा शोधा.