चीफ फ्रीजरच्या हाताखाली

१९७२ साली पहिल्यांदा बोटीवर लागलो तेव्हा मी तिथे नक्की काय करणार, हे घरी कुणाला नीट समजावता आलं नाही. माझगावात अप्रेंटिसशिप झालेली, इंजिनं उघडायची हौस, आणि काम मिळालं ज्युनिअर फ्रीजरचं, म्हणजे माल थंड ठेवणारी यंत्रं सांभाळणाऱ्या इंजिनिअरच्या, चीफ फ्रीजरच्या, हाताखालचं. आई म्हणाली, "म्हणजे बर्फाचा कारखाना का रे?" तिचं फारसं चुकलं नव्हतं.

बोट १९५४ सालची, इंग्लंडात बांधलेली, नंतर दोनदा विकली गेलेली. न्यूझीलंडहून मटण, लोणी आणि सफरचंदं भरायची आणि पनामामार्गे लंडन गाठायचं. हा धंदा जुना. १८८२ मध्ये 'डुनेडिन' नावाच्या शिडाच्या जहाजाने न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्सहून गोठवलेलं मटण ९८ दिवसांत लंडनला सुखरूप पोचवलं आणि तिथून या व्यापाराने जोर धरला. आमच्या बोटीवरची यंत्रं मात्र अमोनियाची नव्हती की फ्रीऑनचीही नव्हती. ती चालायची कार्बन डायऑक्साइडवर. ही यंत्रं मिठाचं पाणी (कॅल्शियम क्लोराइडचं, आम्ही त्याला ब्राइन म्हणायचो) गार करायची आणि ते पाणी पाइपांतून होल्डभर, म्हणजे मालाच्या कोठारभर, फिरायचं.

ब्राइन रूम म्हणजे माझी शाळा. प्रत्येक कप्प्यातून परत आलेला पाइप एका उघड्या टाकीत आपली धार सोडायचा. अशा धारांच्या रांगा, आणि व्हॉल्व्हवर बोटभर जाडीचं पांढरं हिम. एखादी धार बारीक झाली की त्या कप्प्यात काहीतरी अडलंय. चीफ फ्रीजर दारातूनच नजर फिरवायचा आणि बरोबर त्याच पाइपाकडे बोट दाखवायचा. मला ते जमायला चार महिने लागले.

पनामा जवळ आला की आमची झोप उडायची. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवच होत नाही, कितीही दाबा. तिथलं समुद्राचं पाणी २८-२९ अंशांचं, म्हणजे त्या पाण्याने वायू गार करून द्रव करणारा कंडेन्सर जेमतेम काठावर. दाबाच्या गेजचा काटा हजार पौंडांच्या पुढे, दोन यंत्रांच्या जागी तिन्ही चालू, आणि थंडावा मात्र कमीच. खाली मटणाला १५ फॅरनहाइट, म्हणजे उणे साडेनऊ, हवंच. कालव्यात रांग आहे, हे मटणाला कोण सांगणार?

आता माझी लबाडी सांगतो. होल्डचं तापमान बघायला डेकवरून पाइप खाली गेलेले असत. झाकण फिरवून काढायचं, दोरीला बांधलेला थर्मामीटर वर ओढायचा आणि टॉर्चच्या उजेडात झटकन वाचायचा. आधी अंशाचा अपूर्णांक, मग अंश, कारण हवा लागताच पारा चढतो. दर चार तासांनी हेच. न्यूझीलंड सोडून आठवडा झाला होता, रात्रीचे दोन, डेकवर लाटा येत होत्या. डेकचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, दाभोळकडचे. ज्युनिअर इंजिनिअरला बोटीवर 'पाच साब' म्हणत. म्हणाले, "पाच साब, पाच नंबरच्या होल्डकडे जाऊ नका, पाणी खेळतंय." मी गेलो नाही. तिथवर ठीक होतं. पण वहीत आदल्या वेळचाच आकडा उतरवून मोकळा झालो.

सकाळी चीफ फ्रीजरने केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर वितळत्या बर्फाचं भांडं, त्यात एक थर्मामीटर. बत्तीस फॅरनहाइट दाखवतो की नाही हे तपासायला त्याने माझ्या फेरीआधीच तो काढून आणला होता. पाच नंबरचा. वही माझ्यापुढे सरकवून त्याने एवढंच विचारलं, "मग तू कुठला वाचलास?"

लंडनच्या रॉयल डॉक्समध्ये मालाचा सर्व्हेयर चढला की पहिल्यांदा तीच वही मागायचा. माल बिघडला तर कंपनीच्या हातात पुरावा तेवढाच. हवामानामुळे आकडा घेता आला नाही, तर तसं लिहा. रिकामी चौकट चालते.

बंदरांबद्दल किती सांगू! ब्लफ, टिमारू, नेपियर असं करत माल गोळा करायचा आणि पाऊस आला की काम बंद, कारण सुती जाळीत गुंडाळलेलं मटण भिजून चालत नाही. एकेका बंदरात आठवडा सहज जायचा. तेवढ्यात गावातली खानावळ, केस कापणारा, पोस्टातली बाई, सगळे ओळखीचे. आता बोटीवर जायला निघालेले तुम्ही बंदरात याल ते तासांच्या हिशेबात, तेव्हा शोअर लीव्हच्या, म्हणजे किनाऱ्यावर फिरायच्या सुट्टीच्या, फार कल्पना करू नका. न्यूझीलंड-युरोपचा माल १९७७ पासून कंटेनरवर गेला आणि १९८१ मध्ये रॉयल डॉक्स बंद झाले. आमच्यासारख्या बोटी त्याआधीच भंगारात निघू लागल्या होत्या.

पुढची बोट केळ्यांची, इक्वाडोरच्या ग्वायाकिलहून भरणारी. तिथे उलटाच धडा. केळं गोठवायचं नाही, १३ अंशांवर झोपवायचं. आणखी दोन-तीन अंश खाली नेलं की साल काळवंडते आणि ते पुढे नीट पिकतच नाही. केळं श्वास घेतं, उष्णता सोडतं. एक पिकला घड आत गेला की त्यातून निघणाऱ्या इथिलिन वायूने शेजारचे पिकायला लागतात, म्हणून भरतानाच डोळ्यांत तेल घालून बघायचं. शिवाय बंद होल्डमध्ये साठलेल्या कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. हवा खेळवल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, मग वरचा कितीही ओरडो.

रावेरची केळी, नाशिकची द्राक्षं आज न्हावा-शेव्यातून रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये जातात. तुम्ही इंजिनिअर म्हणून जा की ईटीओ (बोटीवरचा इलेक्ट्रिकल अधिकारी) म्हणून, सवयी त्याच लागतात. सेट पॉइंट, म्हणजे कंटेनरवर लावलेलं तापमान, कागदाशी ताडताना आधी उणे-अधिकचं चिन्ह बघा. उणे १८ च्या जागी अधिक १८ ठेवलेला डबा मी स्वतः उघडलेला आहे, तो वास अजून नाकात आहे. डब्यात जाणारी हवा आणि परत येणारी हवा, दोन्ही आकडे बघा. एकावरून काही कळत नाही. आणि कंटेनर माल थंड ठेवतो, गरम भरलेला माल झटपट थंड करायचं यंत्र ते नव्हे. शेतावरून तापलेली द्राक्षं थेट भरली तर दोष यंत्राला देऊ नका.

नोकरी लावतो म्हणून पैसे मागणारा एजंट दिसला की उठून या. बोटीवर माणसं भरती करायचा सरकारी परवाना (आरपीएसएल) असलेल्या कंपनीला उमेदवाराकडून नोकरीचे पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे.

बॅगेत लोकरीचे मोजे टाका, दोन जोड. बाहेर ३४ अंश असताना कोल्ड रूममध्ये तासभर उभं राहिलं की पहिले बधिर होतात ते पाय.