स्टार्टअप स्पर्धेचा विषय एसटीच्या टप्प्यातला निवडा

जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजात उद्योजकता स्पर्धेची नोटीस लागली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं विचारायला येतात, "दादा, आयडिया कोणती घेऊ?" मी त्यांना उलट विचारतो, ज्याची अडचण सोडवायची आहे त्याच्या दारात तुम्ही आठवड्यातून एकदा एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येऊ शकता का? जमत असेल तर तो विषय घ्या. नसेल, तर विषय कितीही मोठा दिसला तरी पहिल्या वर्षी बाजूला ठेवा.

आधी स्पर्धेचा प्रकार ओळखा. विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत तुमचं संशोधन तपासलं जातं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये बहुतेक प्रश्न मंत्रालयं आणि कंपन्या देतात, तुम्ही उत्तर बांधता. आयआयटी मुंबईच्या ई-सेलची (उद्योजकता कक्षाची) 1998 पासून चालणारी 'युरेका' किंवा तशाच व्यवसाय-आराखड्याच्या स्पर्धांत प्रश्नही तुम्हीच शोधायचा आणि त्यावर पैसे कोण मोजणार हेही तुम्हीच दाखवायचं. या स्पर्धा अनेक फेऱ्यांत, काही महिने चालतात. प्रत्येक फेरीत परीक्षक नवा प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर इंटरनेटवर मिळत नाही. ते ग्राहकाकडेच असतं. म्हणून एसटी.

आम्ही नाशिकला इंजिनिअरिंग करत होतो. टीममध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे दोघे, कॉम्प्युटरचा एक आणि एमबीए करणारी एक मैत्रीण. विषय घेतला कांदा साठवायच्या चाळीतली सड. लासलगाव, विंचूर, निफाड हा सगळा पट्टा तासा-दीड तासावर. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा चाळीत जातो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत टप्प्याटप्प्यानं बाहेर येतो. या चार-सहा महिन्यांत वजनघट, कोंब आणि सड यांत मालाचा मोठा हिस्सा जातो. चाळीत तापमान 25 ते 30 अंश आणि आर्द्रता 65 ते 70 टक्के राहिली तर कांदा चांगला टिकतो, पण पावसाळ्यात आर्द्रता कुणाच्या हातात असते? आमची पहिली कल्पना सोपी होती. चाळीत आर्द्रतेचा आणि वायूचा सेन्सर लावायचा, सड सुरू झाली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज.

विंचूरजवळच्या एका काकांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वास तर आम्हालाही येतो. सडतंय कुठं, ते सांगणार का तुमचं मशीन?"

या वाक्यानं आमचा प्रकल्प बदलला. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेला, खालून आणि बाजूंनी हवा खेळणारा लांबलचक सांगाडा, आतमध्ये चार-पाच फूट उंचीचा कांद्याचा थर. एका जागी सड लागली तर तिथपर्यंत पोचायला चाळ फोडावी लागते, म्हणजे भरलेला कांदा बाहेर काढावा लागतो, मजूर लावून निवड करावी लागते. मजूर मिळणं हीच मोठी अडचण. आणि फोडलेला कांदा परत भरला तर हाताळणीत त्याची पत्ती (वरची साल) निघते, टिकवण आणखी कमी होते. म्हणजे आमचा मेसेज शेतकऱ्याला बातमी देणार होता आणि बातमीसोबत मजुरीचा खर्च. सड कोणत्या खणात आहे हे कळलं, तरच तेवढाच भाग उघडून बाकीचा वाचवता येतो. मग आम्ही एका मोठ्या यंत्राऐवजी खणागणिक लावायच्या लहान, स्वस्त सेन्सरकडे वळलो.

हे ज्ञान कुठल्याही अहवालातून आलं नसतं. पण ते मिळण्यासाठी प्रश्न नीट विचारावे लागतात. "असं यंत्र आलं तर वापराल का?" असं विचारलंत की समोरचा माणूस चहा पाजतो आणि "चांगलंय की!" म्हणतो. आपल्याकडे पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी झालेलं विचारा. गेल्या वर्षी चाळ कधी फोडली? का फोडली? किती मजूर लागले, रोज काय दिला? उकिरड्यावर किती क्विंटल गेला? माणूस आठवून सांगायला लागला की वही बाजूला ठेवू नका. आकडे त्याच्याच शब्दांत लिहा.

मग गणित. याला घाबरणारी मुलं खूप, पण पाचवीतला गुणाकार पुरतो. अनुदानातून बांधलेल्या चाळींत 25 टनांची चाळ ओळखीची आहे, म्हणजे 250 क्विंटल. समजा तुमच्या यंत्रामुळे त्यातला 5 टक्के कांदा वाचला, तर साडेबारा क्विंटल. भाव क्विंटलला 1500 रुपये धरला तर 18,750 रुपये. भाव 800 वर आला तर 10,000. आता सांगा, शेतकऱ्यानं एका हंगामासाठी किती द्यावेत? मजुरी वजा करा, मग किंमत ठरवा. अनेक टीम आधी यंत्राचा खर्च काढतात, त्यावर नफा चढवतात आणि तीच किंमत स्लाइडवर टाकतात. परीक्षक तिथंच थांबवतात.

कांद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती समजल्याशिवाय या पिकावर काम करू नये असं मला मनापासून वाटतं. शेतकरी चाळ फोडतो ती बऱ्याचदा भाव बघून. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती मे 2024 मध्ये उघडली. अशा वर्षात सेन्सर काय सांगतो यापेक्षा लासलगावचा लिलाव काय सांगतो हे मोठं ठरतं. त्यामुळे 'ग्राहक कोण' याचं आमचं उत्तर हळूहळू सरकलं. एकट्या शेतकऱ्याऐवजी साठवणूक हाच ज्यांचा धंदा आहे अशा शेतकरी उत्पादक कंपन्या आम्ही पुढे ठेवल्या. माल बरेच महिने सांभाळायचा करार असेल तर सड हा थेट त्यांच्या हिशेबातला तोटा असतो.

तुमच्या आधी कुणीतरी तेच करत असतं. नाशिक भागातच 'गोदाम इनोव्हेशन्स' हे स्टार्टअप कांद्याच्या साठवणुकीत सेन्सर वापरण्यावर काम करत होतं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं विकिरण केंद्र आहे, तिथं कोंब रोखले जातात. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय टिकाऊ वाण देतं. हे सगळं एका स्लाइडवर स्पष्ट मांडा. "आमचा कुणी स्पर्धक नाही" हे वाक्य परीक्षकाला दोनच गोष्टी सांगतं: तुम्ही शोधलं नाही, किंवा त्या धंद्यात पैसाच नाही.

कल्पनेत खरंच नवं तंत्र असेल तर जाहीर सादरीकरणाआधी कॉलेजच्या पेटंट कक्षाला भेटा. तात्पुरता अर्ज आधी करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना 2021 पासून पेटंट शुल्कात 80 टक्के सवलत आहे. कॉलेजची प्रयोगशाळा आणि पैसा बराच वापरला असेल, तर हक्क कुणाचा हे तेव्हाच लेखी ठरवा. 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात याबद्दल मार्गदर्शन आहे, ते वाचून जा.

टीमबद्दलही लेखी लिहा, मित्र असलात तरी. किंबहुना मित्र असलात म्हणूनच. चौथ्या वर्षी कॅम्पस प्लेसमेंट सुरू होतं आणि अंतिम फेरीत हमखास विचारतात, "पदवीनंतर यातलं कोण राहणार?" घरची परिस्थिती पाहून नोकरी घेणं यात काही कमीपणा नाही. पण कोण पूर्णवेळ राहील, कोण फक्त शनिवार-रविवार देईल आणि त्याप्रमाणे हिस्सा किती, हे बोललेलं असलं की उत्तर देताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. सादरीकरण इंग्रजीत असेल तर वाक्यं लहान ठेवा, आकडे तोंडपाठ ठेवा. प्रश्नोत्तरात अडलात तर हिंदीत किंवा मराठीत बोलू का असं सरळ विचारा. आम्हाला विचारल्यावर परवानगी मिळाली, आणि चाळीबद्दल मराठीत बोलताना आमचा आवाजच बदलला. सगळ्यात जास्त वेळ परीक्षकांनी पाहिला तो एक साधा कागद: "चाचणीसाठी माझ्या चाळीतले दोन खण देतो", खाली काकांची सही.

बक्षीस मिळो न मिळो, तो कागद पुढे कामी येतो. यंत्राचा नमुना बनवायला केंद्राच्या निधी-प्रयास योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. स्टार्टअप इंडिया सीड फंडसाठी मात्र आधी कंपनी नोंदवावी लागते आणि तिला केंद्राची स्टार्टअप मान्यता लागते. अर्ज करताना पिकाचं वेळापत्रक समोर ठेवा. एप्रिलमध्ये कांदा चाळीत पडायला लागतो आणि सेन्सर त्याच वेळी आत जायला हवा. म्हणून हिवाळ्यात अंतिम फेरी संपली की लगेच अर्जाला लागा आणि मार्चपर्यंत यंत्र तयार ठेवा. ती वेळ चुकली तर पुढच्या चाचणीसाठी पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते.