खाण दुर्घटनेनंतर नातेवाइकांना खबर कशी द्यावी

बचाव पथक उतरले आहे आणि खाण सुरक्षा निरीक्षकांना कळवले आहे, असे गृहीत धरतो. वायूमापनाच्या नोंदी, हजेरीपट आणि दुरुस्तीची वही तत्काळ सीलबंद करावी. नंतर एका ओळीची खाडाखोड निघाली, तरी सगळ्या वहीवरचा विश्वास उडतो.

खरी कसोटी नातेवाइकांसमोर लागते आणि मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला. आधी आत कोण आहे ते निश्चित करावे. त्यासाठी केवळ हजेरीपटावर विसंबू नये, कारण ठेकेदाराचे बदली कामगार पुष्कळदा त्यात नसतात. कोणता टोपीदिवा, म्हणजे आत उतरताना कामगाराला दिलेला टोपीवरचा दिवा, कोणाच्या नावे गेला आणि परत आला नाही, हे पडताळावे.

‘पूर्ण खात्री होईपर्यंत बोलू नका’ हा वकिली सल्ला मला अर्धवट वाटतो. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतील सॅगो कोळसा खाणीत १३ जण अडकले होते. बचाव पथकाचा निरोप चुकीचा ऐकला गेला आणि चर्चमध्ये जमलेल्या कुटुंबांपर्यंत १२ जण जिवंत असल्याची बातमी पोहोचली. प्रत्यक्षात एकच वाचला होता. या बातमीत गफलत असल्याचे वरिष्ठांना बरेच आधी कळले होते, तरी कुटुंबांना ते सुमारे तीन तासांनी सांगण्यात आले. म्हणून खबर एकाच अधिकृत व्यक्तीने, पत्रकारांच्या आधी कुटुंबांना द्यावी, आणि दिलेल्या खबरीविषयी शंका येताच, नवी खात्री होण्याची वाट न पाहता, ती शंका त्याच व्यक्तीने समोर येऊन सांगावी. सांगण्यासारखे काही नसले, तरी ठरल्या वेळी यावे. चिलीच्या सान होसे खाणीत २०१० साली अडकलेल्या ३३ जणांचा ठावठिकाणा १७ दिवस लागला नव्हता. इतके दिवस गप्प राहिलात, तर तुमची जागा अफवा घेतात.

दुःख व्यक्त करणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे, हे वकिलांना ठणकावून सांगावे. कारणांविषयी मात्र चौकशीपूर्वी अवाक्षर काढू नये. तातडीच्या मदतीच्या पावतीवर पुढील दावा सोडल्याचे वाक्य मुळीच घालू नये.

गावाशी बोलताना उरलेल्या धोक्याचा विषय आधी घ्यावा. वेल्समधील अ‍ॅबरफॅन येथे १९६६ साली कोळशाच्या खाणीतील मातीदगडांचा ढिगारा कोसळून ११६ मुलांसह १४४ जणांचा बळी गेला; उरलेले ढिगारे हटवण्यासाठी चक्क मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले आणि ते १९९७ साली परत मिळाले. असा खर्च व्यवस्थापनाने पहिल्याच बैठकीत आपल्या नावे लिहून द्यावा.