नंदुरबारचं आयुर्मान शोधताय? आधी हे वाचा

जळगाव-धुळ्याकडची पोरं लोकसंख्येवर प्रकल्प करायला बसली की थेट ‘ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस’ उघडतात, म्हणजे देशोदेशीच्या मृत्यूदर-आयुर्मानाच्या आकड्यांचा ऑनलाइन साठा. चांगलंच आहे. नाव नोंदवलं की फुकट मिळतो, स्वीडनचे आकडे तर १७५१ पासूनचे. पण त्यात भारत नाही. मृत्यूनोंदणी जवळपास पूर्ण असलेले देशच तिथे घेतात.

आपल्यासाठी भारताच्या महानिबंधकांच्या ‘नमुना नोंदणी पद्धती’चे (निवडक भागांतल्या जन्ममृत्यूंच्या नोंदीचे) जीवनतक्ते बघा, म्हणजे कोणत्या वयाचा माणूस सरासरी अजून किती जगेल हे सांगणारे तक्ते. महाराष्ट्राचे आकडे ग्रामीण-शहरी, स्त्री-पुरुष असे वेगळे मिळतात. जिल्ह्याचे मात्र नाहीत. म्हणून राज्याचा आकडा उचलून नंदुरबारच्या नावावर खपवू नका. अक्कलकुवा-धडगावचे पाडे आणि मुंबई एका सरासरीत बसवल्यावर उरतं काय?

ह्यूमन मॉर्टॅलिटीची फाइल एक्सेलमध्ये घेताना एक गंमत होते. शेवटचं वय ‘११०+’ असं लिहिलेलं असतं. त्या अधिक चिन्हामुळे एक्सेल त्याला आकडा न मानता मजकूर समजतं आणि सूत्रं बिनसतात. आधी ते चिन्ह काढा. नसलेल्या आकड्याच्या जागी नुसता टिंब असतो. तिथे शून्य भरू नका, रिकामं ठेवा.

गावातली मृत्यूनोंदवही चाळायची परवानगी मिळाली, तर वयाचा रकाना आधी बघा. ६०, ६५, ७०, ८० यांचीच गर्दी दिसली, तर वयं अंदाजाने सांगितलेली आहेत. आमच्या आजीचंही वय असंच, ‘मोठा पूर आला तेव्हा मी एवढीशी होते.’ अशा वेळी एकेक वर्ष न घेता दहा-दहा वर्षांचे गट पाडा.